टपावरची सायकल

खडकीत वाढलेल्या माणसाला सायकलीचे कौतुक सांगू नये. १८६९ सालच्या आमच्या अॅम्युनिशन फॅक्टरीचा भोंगा झाला, की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्यात एक सायकल वडिलांची असे. १९८१ साली बँकेने मला जुन्नरला टाकले, तेव्हा त्यांनी तीच माझ्या हवाली केली. ती न्यायची कशी, हा प्रश्नच नव्हता. शिवाजीनगर स्टँडवर हमाल मागच्या शिडीने एसटीच्या टपावर चढला, काथ्याने दोन गाठी मारल्या, कंडक्टरने सामानाचे तिकीट फाडले. झाले.

परवा मुलाने एसयूव्ही घेतली. नातीची गिअरची सायकल आणि माझी ही लोखंडी, दोन्ही घेऊन चौघांनी जुन्नरला जायचे ठरले. मुंबई रस्त्यावर नातीला सायकलवर सोडण्याची आमची छाती होत नाही. म्हणजे सायकल चालवण्यासाठी आधी ती मोटारीतून फिरवायची! असो.

बँकेतली खोड, मी कागद घेऊन बसलो. टपावरचा कॅरिअर झोकदार दिसतो. पण टपावर किती वजन चालेल ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, आणि त्यात कॅरिअरचेही वजन धरायचे असते. शिवाय ते धूड इतके उंच चढवायचे कोणी? आणि वर सायकली आहेत हे विसरून पार्किंगच्या कमानीखाली गाडी घातली, की संपलेच.

मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा सांगाडा स्वस्त. मात्र त्याचे आकडे आमच्या गाडीच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरवरच येत होते; दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात होती ती वेगळीच. पूर्वी कोपऱ्यावरच्या पेंटरकडून जास्तीची पाटी रंगवून घेतली असती. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांची पाटी क्रमांक कोरून, पक्की जडवून येते. सांगाड्यावर लावायला तसली आणखी एक कोण देणार? बंपरखालच्या, ट्रेलर ओढायच्या आकड्यावर बसणारा प्रकार उचलायला सर्वांत सोपा, पण आमच्या गाडीला तो आकडाच नाही.

उरला घरगुती उपाय. मागचे सीट पाडायचे, पुढची चाके काढायची, मध्ये गोधडी घालून दोन्ही सायकली आत. नातीचे चाक एका खटक्यात सुटले. माझ्या दांड्याच्या ब्रेकवाल्या सायकलीने पाना आणि पाऊण तास घेतला. पण आता गाडीत माणसे मावत होती दोनच.

"बाबा, तुमची राहू द्या घरी. तिथे एखादी भाड्याने बघू," मुलगा म्हणाला. त्याचे चुकले असे नाही. मी पाना पुसत राहिलो.

हिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "सायकली जाऊ देत तुमच्याबरोबर. आम्ही दोघे एसटीने येतो."

वाकडेवाडीच्या स्टँडवरून निघालो. मला सदुसष्ट पूर्ण, तिला बायकांची सवलत. दोघांनाही अर्धे तिकीट. एसटीला मागे शिडी नव्हती, ते मी चढण्याआधीच पाहून घेतले. नारायणगावच्या अलीकडे मुलाच्या गाडीने आम्हाला मागे टाकले. मागच्या काचेला वडिलांच्या सायकलीचे हँडल टेकलेले होते. नात हात हलवत होती.