विमानाचे पांघरूण

विमान हे आकाशात वावरण्यासाठी निर्माण झालेले यंत्र आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते; परंतु खासगी मालकीच्या किंवा एखाद्या उड्डाण-शिक्षणसंस्थेच्या लहान विमानाचा दिनक्रम ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की त्याच्या आयुष्यातले फारच थोडे तास हवेत जातात आणि उरलेले सारे जमिनीवर, तेही पुष्कळदा उघड्यावर, ऊन, पाऊस, धूळ आणि पक्षी यांच्या हवाली होऊन कंठावे लागतात. हँगरमधील जागा बहुतेक ठिकाणी अपुरी, तिचे भाडे जबर, आणि मोठ्या शहरांलगतच्या धावपट्ट्यांवर तर केवळ यादीत नाव घालून वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागते. सबब मालक पंख आणि शेपूट दोरांनी जमिनीतील कड्यांना जखडतो, आणि उरलेला बंदोबस्त कापडावर सोपवतो.

उदाहरणादाखल सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घ्यावे. १९५५ साली प्रथम उडालेले आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेले हे विमान जगातील असंख्य वैमानिकांची पहिली शाळा ठरले आहे. त्याचा सांगाडा आणि त्यावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असल्याने उघड्यावर राहण्याचे बळ त्याला पुष्कळ आहे. दुबळेपणा आहे तो खिडक्यांत. समोरची आणि बाजूची ती पारदर्शक तावदाने काचेची नसून ॲक्रिलिक या प्लॅस्टिकची असतात. ते हलके, वळवण्यास सोपे आणि स्वच्छ दिसणारे असले तरी काचेच्या मानाने फार मऊ. त्यावर कोरड्या फडक्याचा एक हात फिरला की ओरखडे उमटतात, अमोनियायुक्त द्रावणाने पुसले तर ते बिघडते, आणि उन्हातील अतिनील किरणांचा मारा वर्षानुवर्षे सोसल्यावर त्याच्या अंगात सूक्ष्म भेगांचे जाळे पसरू लागते. सकाळच्या उजेडात हे जाळे नजरेसही येत नाही. परंतु मावळत्या सूर्याकडे तोंड करून उतरण्याची वेळ आली म्हणजे त्यातील प्रत्येक रेघ उजळून निघते आणि धावपट्टी त्या झगमगाटामागे दिसेनाशी होते. अशी तावदाने बदलणे खर्चाचे आणि किचकट काम असल्याने, कापडी आच्छादनाचे मोल पहिल्याने येथेच कळते.

तावदानांच्या आत चंदेरी पडदे लावून भागवणारे मालकही आहेत. त्याने यंत्रफलकावरची उपकरणे आणि आसनांचे कापड काही अंशी वाचते हे खरे; तथापि ऊन तावदानातून आत शिरून पडद्यावर आदळल्यानंतर परतवण्याची ही तजवीज आहे, त्यामुळे पडदा आणि तावदान यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ऊब साठते आणि ज्याला जपायचे तेच तापत राहते. ऊन अडवायचे तर बाहेरूनच अडवले पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

मग बाजारातून एक ताडपत्री आणून ती विमानावर टाकली तर काय बिघडले, असा प्रश्न साहजिकच पडेल. बिघडते ते बरेच. प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस आत येऊ देत नाही, पण आतील दमटपणाही बाहेर जाऊ देत नाही. रात्री हवा गार झाली की तिच्या खालच्या अंगाला दव जमते, दिवसा तेच उबेत वाफाळते, आणि कोकणपट्टीसारख्या खाऱ्या, ओलसर हवेत तर रंगाखालच्या धातूला कीड लागण्यास याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. धनगराची घोंगडी ज्याने पावसात पांघरली असेल त्याला येथील मर्म सांगावे लागू नये: पाणी सहजासहजी आत घेत नाही, पण अंगाचा दमही कोंडत नाही, असेच वस्त्र विमानाला हवे. यासाठी आज विशेष मान आहे तो ॲक्रिलिक धाग्याच्या विणलेल्या कापडाला. त्याचा रंग धागा तयार होण्यापूर्वीच मूळ द्रावणात मिसळलेला असल्याने तो सहसा विटत नाही. चंदेरी लेपाचे पॉलिएस्टर हलके आणि घडी घालून पिशवीत मावणारे, म्हणून प्रवासी वैमानिकाच्या सोयीचे. परंतु बारमाही उन्हात त्याचा टिकाव कमी. जुन्या सुती कॅनव्हासची गोष्टच वेगळी: भिजला की आटतो, वाळला की ताठरतो, आणि बुरशीचे त्याला विलक्षण आकर्षण.

या कापडाच्या गोष्टीला आपल्याकडे एक जुना धागा आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या जुहू येथे उड्डाणाला आरंभ झाला तेव्हाची मॉथ जातीची विमाने स्वतःच कापडाची होती. लाकडी पंखांवर कापड ताणून बसवायचे आणि त्यावर डोप नावाच्या रोगणाचे थर चढवायचे, अशी त्यांची घडण असे. त्यांचे पंख मागे दुमडता येत, तेव्हा लहानशा शेडमध्येही ती सुखाने मावत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या पुस मॉथमधून जुहूला उतरले, ते विमानही याच घराण्यातले. जुहूची ती भूमी पावसाळ्यात जलमय होई, म्हणून टाटांची हवाई टपालसेवा त्या महिन्यांपुरती पुण्याला हलवण्याचा शिरस्ता पडला. पांघरुणाने न निभावणाऱ्या ऋतूवर स्थलांतराचाच उपाय होता. पुढे त्या कापडाची जागा पॉलिएस्टरने घेतली, तरी ऊन हा शत्रू कायम राहिला. म्हणूनच कापडी विमानांच्या रोगणात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून किरण अडवण्याची पद्धत पडली.

आच्छादन कसे बांधावे हा प्रश्न ते कशाचे असावे याइतकाच महत्त्वाचा आहे. सैल कापड वाऱ्याने फडफडते, त्याखाली अडकलेले धुळीचे कण मागेपुढे घासले जातात, आणि ज्या तावदानाच्या रक्षणासाठी ते घातले त्याचाच ते निकाल लावते. इतके की धुळीच्या मुलखात सैल आच्छादनापेक्षा उघडे विमान परवडले, असे मी म्हणेन. म्हणून विमानाच्या मापाने बेतलेले, पोटाखालून पट्ट्यांनी आवळलेले, आतून मऊ अस्तराचे आणि रंगाला ओरखडा न पाडणाऱ्या प्लॅस्टिकच्या बकलांचे आच्छादन घ्यावे. ते घालण्यापूर्वी धूळ पाण्याने धुऊन काढावी. आणि काढताना ते फरफटत न ओढता उचलून, आतली बाजू आत राहील अशी घडी घालावी.

थंड प्रदेशांत या वस्त्राची कामगिरी निराळीच होते. अलास्का आणि उत्तर कॅनडातील जुने वैमानिक मुक्कामी पोचताच इंजिनातील तेल काढून घेत, ते रात्रभर उबेत ठेवत, आणि सकाळी इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून त्याखाली शेगडी पेटवून मगच चक्र फिरवण्याचे धाडस करत. यात कित्येकदा तंबू पेटून विमानच भस्मसात होई. आज तेथे इंजिनाला अस्तराची जाड दुलई आणि पंखांना लांब खोळी घालतात. पंखांवरचे दवबिंदू गोठून बसलेला पातळ थर दिसायला निरुपद्रवी. पण मध्यम प्रतीच्या घासकागदाइतका खरखरीतपणा पंखाचे उत्थापन ३० टक्क्यांपर्यंत घटवतो आणि रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवतो, असे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचे मार्गदर्शन सांगते. खोळ काढली की कोरडा पंख हाती येतो, हा लाभ तेथील वैमानिकाला आच्छादनाच्या किमतीहून कितीतरी मोठा वाटतो.

राहता राहिली विमानाच्या अंगावरील छिद्रे. इंजिनाला गार हवा पुरवणाऱ्या समोरच्या दोन तोंडांतून साळुंक्यांसारखे पक्षी बघता बघता आत काडीकचरा भरतात. तापलेल्या सिलिंडरलगतचे असे घरटे हवेची वाट अडवते आणि पेटही घेऊ शकते. त्या तोंडांत फोमचे बोळे बसवतात आणि दोन्ही बोळे जोडणारी दोरी पंख्याच्या पात्यावरून घेतात, म्हणजे काढायचे विसरलेच तर पंखा फिरताक्षणी दोरीला हिसका बसून ते बाहेर पडतात. पिटो नलिकेला, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगणाऱ्या बारीक नळीला, ही मुभा नाही. कुंभारीण माशी तिच्यात मातीचे घर बांधते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बिर्जेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसे दगावली, तेव्हा चौकशीत तुंबलेल्या पिटो नलिकेवर ठपका आला आणि संशय मुख्यतः याच माशीवर गेला. विमान उभे असताना नळ्यांना टोप्या घातलेल्या नव्हत्या.

याच्या नेमके उलट १८ जुलै २०१८ च्या रात्री ऑस्ट्रेलियात घडले. ब्रिस्बेनच्या विमानतळावर अशा माशांचा उपद्रव प्रसिद्ध असल्याने मलेशिया एअरलाइन्सच्या ए३३० विमानाच्या नळ्यांना टोप्या घातल्या गेल्या, आणि विमान त्या टोप्यांसहच आकाशात गेले. वेगदर्शक निकामी झाले. वैमानिकांनी पर्यायी साधनांच्या आधारे सुमारे तासाभराने विमान परत आणून उतरवले. टोप्यांना ‘उड्डाणापूर्वी काढा’ असे इंग्रजीत बजावणारी तांबडी फीत असते ती यासाठीच, परंतु काळोखात आणि घाईत फीत दिसेलच असे नाही. म्हणून काटेकोर वैमानिक आच्छादनांच्या पिशवीत प्रत्येक टोपीला आणि बोळ्याला स्वतंत्र कप्पा शिवून घेतात, आणि एक जरी कप्पा रिकामा दिसला तरी इंजिन सुरू न करता पुन्हा एकवार विमानाभोवती प्रदक्षिणा घालतात.