तेलासोबत येणारे पाणी

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये तेथे तेल सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. भूगर्भातून तेलासोबत खारे पाणीही वर येते. विहीर जुनी होत जाते, तसतसे तेल घटते व पाणी वाढते, हे मात्र फारसे कोणी जाणत नाही.

अशा पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब व क्षार असतात. ते समुद्रात सोडताना लिटरमागे तेल ४० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आपल्याकडील नियम आहे. शंभरांतील पाच तपासण्यांत सवलत आहे. तथापि १०० मिलिग्रॅमची मर्यादा कदापि ओलांडता येत नाही. साधे पाणी मिसळून आकडा उतरवण्यासही मुभा नाही. कारण त्याने आकडा उतरतो, समुद्रात जाणारे तेल तेवढेच राहते.

दुसरा मार्ग म्हणजे हे पाणी पुन्हा खोल भूस्तरांत सोडणे. तो खर्चिक खरा. परंतु त्यामुळे जलचर जीव वाचतात आणि तेलाच्याच थरात सोडल्यास तेथील दाबही टिकतो. म्हणून जुन्या विहिरीचा हिशेब किती तेल काढले एवढ्यावर संपू नये. किती पाणी परत भूगर्भात गेले, हेही विचारले जावे.