कप्प्याच्या भोकांची ड्रिलिंग जिग

कपाटातला वर-खाली सरकवता येणारा कप्पा चार पिनांवर टेकतो. त्यांतल्या एका पिनेचे भोक अर्धा मिलिमीटर वर गेले, तरी कप्पा तीनच पिनांवर बसतो आणि डुगडुगतो. ही भोके पट्टी-पेन्सिलीने आखून पाडण्याऐवजी जिग वापरतात, म्हणजे फळीवर शिकंज्याने आवळायची, आधीच भोके असलेली पट्टी. तिची मापे बहुधा ३२ मिमी पद्धतीची असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या फर्निचर उद्योगात ही पद्धत रूढ झाली. ५ मिमी व्यासाची भोके, त्यांच्या केंद्रांत ३२ मिमी अंतर आणि पहिली रांग फळीच्या पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर. पिना, बिजागरीची बैठक आणि ड्रॉवरचे चॅनेल अशा सर्वांना हीच रांग चालते.

जिग बनवताना खरी कसोटी अंतरांची असते. मागच्या भोकात पिन अडकवून पुढचे भोक पाडत गेले, की प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिसळते. टप्पा ०.१ मिमीने मोठा असेल, तर वीस टप्प्यांनंतर शेवटचे भोक २ मिमी सरकलेले असते. म्हणून प्रत्येक भोकाचे माप एकाच शून्य-कडेपासून घ्यावे. मिलिंग मशीनवर हे सहज साधते. ते नसेल तर ड्रिल प्रेसच्या टेबलावर सरळ पट्टी आवळावी आणि प्रत्येक माप ठोकळ्यांनी शून्य-कडेपासूनच लावावे. तपासणीसाठी पहिल्या भोकाच्या डाव्या काठापासून एकविसाव्याच्या डाव्या काठापर्यंत मोजावे. ते माप ६४० मिमी यायला हवे.

कप्पा समपातळीत राहण्यासाठी मात्र याहून महत्त्वाचे असते ते डाव्या-उजव्या फळ्यांचे जुळणे. दोन्हींवर जिगचे तेच टोक खाली आणि तीच कड पुढे ठेवली, तर जिगमधली थोडी चूकही दोन्हीकडे सारखीच उतरते. जिग उलटी लागली की ती चूक कप्प्यात दिसते. म्हणून जिगवर ‘खाली’ आणि ‘पुढे’ ही अक्षरे न पुसणारी कोरावीत. सुताराचा यात मिनिटभरच जातो आणि पुढची कित्येक कपाटे वाचतात.

जिगचे आयुष्य बुशवर, म्हणजे बिटाला दिशा देणाऱ्या बारीक नळीवर, ठरते. नुसत्या लाकडात किंवा ॲल्युमिनियममध्ये पाडलेले मार्गदर्शक भोक बिटाच्या घासण्याने रुंदावते, पुढे लंबगोल होते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचा भुसा ही झीज वाढवतो. त्यासाठी कठीण केलेल्या पोलादाचे बुश बसवतात. बुशची लांबी बिटाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावी, म्हणजे ५ मिमी बिटाला साधारण ८ ते १० मिमी. फट तेवढीच ठेवून लांबी निम्मी केली, तर बिटाला तिरके होण्याची मोकळीक दुप्पट होते. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बुश दाबून बसवतात, प्लायवुडमध्ये इपॉक्सीने चिकटवतात. दाबून बसवल्यावर आतला व्यास किंचित आवळतो, त्यामुळे बिट घालून पाहणे आवश्यक असते.

पट्टीसाठी अखंड लाकूड टाळावे. कोकणातल्या पावसाळी हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि ३७ मिमीचे माप ३७ राहत नाही. चांगले बर्च प्लायवुड, फिनॉलिक पत्रा किंवा ॲल्युमिनियम यांपैकी काहीही चालते. फळीच्या पुढच्या कडेला टेकणारी आडपट्टी स्क्रूने पक्की करण्याआधी गुण्याने तपासावी, आणि तिच्या आतल्या कोपऱ्यात बारीक खाच ठेवावी. तिथे भुसा अडकला तर पूर्ण रांगच सरकते.

वापरतानाही शिस्त लागते. बिट बुशमध्ये उतरल्यावरच मशीन सुरू करावे. मधे टोक असलेल्या, लाकडासाठीच्या बिटाच्या बाहेरच्या धारा फिरता फिरता बुशच्या तोंडावर आदळल्या, तर दोन्ही खराब होतात. खोलीसाठी बिटावर कॉलर आवळावी. कॉलर बुशच्या तोंडावर टेकते, म्हणून भोकाच्या खोलीत जिगची जाडी मिळवून माप लावावे. बिट बुशमध्ये हलू लागला की पट्टी टाकून देण्याची गरज नसते. झिजलेला बुश ठोकून काढून त्याच जागी नवा बसवता येतो.