विश्लेषण : करदात्यांच्या पैशातून धार्मिक शाळा? अमेरिकेत ४-४ अशा बरोबरीने प्रश्न का लटकला?

ओक्लाहोमा राज्यात सरकारी पैशावर चालणारी अमेरिकेतील पहिली धार्मिक चार्टर शाळा उघडणार होती. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी झाली आणि शाळा अडली. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

चार्टर शाळा म्हणजे काय?
शुल्क नाही, प्रवेश सर्वांना खुला, खर्च सरकारचा; कारभार मात्र सरकारशी करार केलेल्या स्वतंत्र संस्थेचा. मिनेसोटाने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला. आपल्याकडील अनुदानित शाळेशी थोडे साम्य आहे. पण ओक्लाहोमाचा कायदा चार्टर शाळेला सरकारी शाळाच म्हणतो. सगळा वाद याच शब्दावर आहे.

प्रकरण काय?
ओक्लाहोमा सिटी आणि टल्सा येथील कॅथलिक धर्मप्रांतांनी ‘सेंट इसिडोर’ या ऑनलाइन शाळेचा प्रस्ताव दिला. (इसिडोर यांना अनेक जण इंटरनेटचे संत मानतात, नाव साजेसेच.) राज्याच्या मंडळाने जून २०२३ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी मंजुरी दिली. त्याविरोधात न्यायालयात गेले ते राज्याचे महाधिवक्ते गेंटनर ड्रमंड. ते रिपब्लिकन; शाळेचे समर्थक गव्हर्नर केव्हिन स्टिट हेही रिपब्लिकन. एका धर्माला पैसे दिले तर उद्या सर्वच धर्मांना द्यावे लागतील, हा ड्रमंड यांचा मुद्दा. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देण्यास मनाई करणारे राज्यघटनेतील कलम रद्द करण्यास ओक्लाहोमाच्या मतदारांनी २०१६ मध्येच नकार दिला होता, हेही विसरता येत नाही.

शाळेचा युक्तिवाद काय?
अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारने धर्म प्रस्थापित करू नये आणि धर्माचरणात आडकाठीही आणू नये. मेन राज्य काही पालकांना खासगी शाळेचे शुल्क देते. त्यातून धार्मिक शाळा वगळता येणार नाहीत, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आम्हीही खासगीच, असे सेंट इसिडोरचे म्हणणे. पण मेनमध्ये पालक आधीच असलेली खासगी शाळा निवडत होते. इथे शाळेला जन्मच सरकारी करारातून मिळणार होता. शिवाय चार्टर शाळा खासगी ठरल्या, तर त्या धर्मनिरपेक्ष असाव्यात ही केंद्रीय निधीची अटही डळमळेल.

पुढे काय?
न्या. अ‍ॅमी कोनी बॅरेट यांनी कारण न देता सुनावणीतून माघार घेतली. उरलेल्या आठांपैकी कोणी कोणते मत दिले, हे निकालात नाही. बरोबरीमुळे राज्याचा निकाल कायम राहिला. इतर राज्यांवर तो बंधनकारक नाही. नवा खटला नऊ न्यायमूर्तींपुढे आला, तर बॅरेट यांचे मत निर्णायक ठरू शकते.