फेस मळाचा नव्हता...

पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा घेतला तेव्हा मी भाडं पाहिलं, पाणी पाहिलं, शेजारी कोण आहे तेही पाहिलं. फरशीकडे मात्र लक्षच गेलं नाही. किल्ली हातात आल्यावर शटर वर केलं, दिवा लावला आणि पोटात गोळाच आला. आधी तिथे वडापावचं दुकान होतं, मग तीन वर्षं कुलूप. मोझॅकच्या टाइल्सवर तेलाचा काळा थर, कोपऱ्यात रंगाचे ठिपके. चालताना चप्पल चिकटत होती!

कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हे साबणानं निघायचं नाय." दुकानदारानेही तेच सांगितलं, "अ‍ॅसिड न्या, दोन मिनिटांत चकाचक." आम्ही ओतलं. असा काही फेस उसळला की दोघी खूश! मळच उकळून निघतोय असं वाटलं. पण थोड्याच वेळात मावशींना जोराचा खोकला सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शटर अर्धं खाली, खिडकी नाही. हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. दोन दिवस त्यांचा घसा बसला होता. घाई माझी आणि त्रास त्यांना, ही टोचणी अजून जात नाही.

आणि फरशी? वाळल्यावर पांढुरकी, खरखरीत. तेलाचे डाग मात्र जागच्या जागी. पॉलिशवाल्या मिस्त्रींनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, तो फेस मळाचा नव्हता, फरशीचा होता."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचेच दगड. अ‍ॅसिड या सगळ्यांना खातं. मशीनने घासून पॉलिश करण्याचा खर्च बोकांडी बसला तो वेगळाच.

म्हणून मैत्रिणींनो, दुकान, क्लास, पाळणाघर, पार्लर, कशासाठीही जुनी जागा घेतलीत, तर बाटली विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. फरशी कसली? आणि मळ कसला?

फरशी ओळखता येत नसेल तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर तेवढाच भाग निस्तेज दिसला, तर फरशी चुन्याच्या जातीची. तिथे अ‍ॅसिड, व्हिनेगर आणि संडास साफ करायचं लिक्विड, सगळं वर्ज्य. त्या लिक्विडमध्येही बहुधा अ‍ॅसिडच असतं.

आता मळ. तेलकट, चिकट मळाला अ‍ॅसिड नव्हे, तर त्याच्या उलट जातीचं, म्हणजे अल्कलीचं औषध लागतं. आपला धुण्याचा सोडा त्याच जातीचा. बाजारात डीग्रीझर म्हणून मिळतात तीही बहुतेक अशीच. क्षाराचे पांढरे डाग किंवा सिमेंटचे शिंतोडे यांवर अ‍ॅसिडचं क्लीनर चालतं, पण फरशी सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड असेल तरच, आणि तेही लेबलवर लिहिलंय तेवढंच पातळ करून. फिनाईल वासाला आणि जंतूंना ठीक, तेलाचा थर काढणं हे त्याचं काम नाही. रोजच्या पुसण्याला 'न्यूट्रल' लिहिलेलं, म्हणजे पीएच ७ च्या आसपासचं लिक्विड पुरतं.

मोठा कॅन घेताना नुसती किंमत पाहू नका. एक लिटरमध्ये किती पाणी घालायचं ते वाचा आणि बादलीमागे खर्च काढा. महाग वाटणारा कॅन कधी कधी स्वस्त पडतो.

पुढच्या वर्षी मैत्रिणीने शिवणक्लाससाठी असाच बंद पडलेला गाळा घेतला. या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. आधी कोरडा झाडू. मग रंगाचे ठिपके प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडले. बादलीभर गरम पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा घातला, कोपऱ्यात करून पाहिलं आणि मग थोड्या थोड्या भागावर ओतलं. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, वाळू मात्र दिलं नाही. औषधाला वेळ दिला की हाताचे कष्ट निम्मे होतात. नायलॉनच्या ब्रशने घासलं (तारेचा ब्रश नको, चरे पडतात), काळं पाणी वायपरने लगेच ओढून काढलं आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुतलं. सोडा राहिला तर फरशी पुन्हा चिकट होते. जुना थर एका दिवसात निघाला नाही, तिसऱ्या हाताला निघाला.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. एकावर एक ओतणंही तितकंच धोक्याचं. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि घासणारीच्या हातात रबरी मोजे द्या. सोड्यानेही हात फुटतात. मोजे आणायचं काम आपलं, तिचं नव्हे.

परवा शेजारच्या गाळ्यात नवे भाडेकरू आले. हातात अ‍ॅसिडची बाटली बघून मावशी हातातलं लाटणं टाकून धावल्या, "ओ दादा, थांबा! आधी लिंबू आणा!"