काळा नमदा आणि गंधकाची बॅटरी
बयाणा देण्यापूर्वी चार प्रश्न

वीज गेली की लूम थांबतात आणि लूम थांबले की मजुराची मजुरी बुडते, हे आमच्या कारखानदार बंधूंना सांगायला नको. म्हणूनच एका दलालाने 'सोडियम-गंधकाची नवी, स्वस्त बॅटरी' सांगून बयाणा मागितला, तेव्हा आमचाही हात गल्ल्याकडे गेला होता. सुदैवाने त्याच आठवड्यात आमचा भाचा सुट्टीवर आला. तो याच विषयाचे शिक्षण घेतो. त्याने काळ्या रंगाचा एक तुकडा आमच्या हातात दिला. म्हणाला, "मामू, हे कापड ओळखा."

आम्ही बोटांनी चाचपून पाहिले. ना ताणा, ना बाणा. नमदा होता तो! अॅक्रिलिक किंवा रेयॉनच्या तंतूंचा नमदा हवा लागू न देता हजार अंशांहून अधिक तापवला की त्याचा कोळसा होतो, पण तंतू तसेच राहतात. हाच या बॅटरीचा कणा.

असे का? सोडियम मिठातून निघते आणि गंधक तेलशुद्धीकरण कारखान्यांतून मुबलक मिळते. दोन्ही माल स्वस्त. पण गंधकातून वीज वाहत नाही. कोळशातून वाहते. म्हणून गंधक कोळशाच्या छिद्रांत मुरवावे लागते, जसा रंग सुतात मुरवतात.

ही बॅटरी अमेरिकेत फोर्ड कंपनीने 1960 च्या दशकात शोधली. जपानच्या एनजीके कंपनीने 2002 च्या सुमारास ती बाजारात आणली. ती 300 ते 350 अंशांवर चालते, सोडियम आणि गंधक दोन्ही वितळलेले असतात आणि मध्ये चिनीमातीसारखी भिंत असते. ती वीज कंपन्यांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या कामाची. सप्टेंबर 2011 मध्ये जपानच्या इबाराकी प्रांतातील एका कारखान्यात अशा बॅटऱ्यांना आग लागली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना काही काळ वापर थांबवायला सांगितले होते. सोडियमला पाणी लागले तरी भडका उडतो.

म्हणून संशोधक साध्या तापमानावर चालणाऱ्या बॅटरीच्या मागे आहेत. तिथे खरी अडचण रंग सुटण्याची! बॅटरी चालू असताना गंधक आणि सोडियमची जी संयुगे बनतात, ती आतल्या द्रवात विरघळून दुसऱ्या बाजूला जातात. कच्च्या रंगाचे कापड दर धुण्याला फिके पडावे, तशी बॅटरी दर वापराला कमजोर होते. शिवाय गंधक पूर्णपणे सोडियमशी जुळले की त्याचे आकारमान अडीच पटींहून जास्त होते. छिद्रे ठासून भरली असतील तर कोळसाच फुटतो.

इलाज छिद्रांच्या मापात आहे. दोन नॅनोमीटरहून बारीक छिद्रे गंधकाला घट्ट धरतात, पण त्यांत माल कमी मावतो. मोठ्या छिद्रांत माल जास्त मावतो, पण गळतोही. नारळाच्या करवंटीच्या चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग असतो. पण नुसता पृष्ठभाग म्हणजे सर्व काही नव्हे. जाळी विरळ की घट्ट, हे कापडात पाहतो तसेच इथेही पाहावे लागते.

तेव्हा बंधूंनो, कोणी अशी बॅटरी विकायला आला तर चार गोष्टी विचारा. ती किती तापमानावर चालते? कोळशात वजनाने गंधक किती आहे? किती वेळा भरून-रिकामी केल्यावर किती ताकद उरते? आणि ही चाचणी बटणाएवढ्या बॅटरीवर झाली की लूम चालवणाऱ्या बॅटरीवर? प्रयोगशाळेत ग्रॅमभर मालावर मिळालेला आकडा कारखान्यात मिळेलच असे नाही.

आम्ही हेच चार प्रश्न त्या दलालाला विचारले. त्याने 'उद्या सांगतो' म्हटले, तो उद्या अजून आलेला नाही.

या हुनराला आम्ही नावे ठेवत नाही. माल सच्चा निघाला तर आपल्या लूमवाल्यांचे भलेच होईल. पण नमुना धुऊन पाहिल्याशिवाय आपण थान घेत नाही, मग बॅटरी का घ्यावी?