खरा त्याग

मुलगी उपवर झाली कीं तिचा खेळ सुटतो, आणि आपण वडील मंडळी त्यास कौतुकानें 'त्याग' म्हणतों. या शब्दाचा खरा अर्थ आम्हांस अमेरिकेंतील माया मूर हिच्या चरित्रांत आढळला.

बास्केटबॉल हीच तिची उपजीविका. २०११ सालीं ती मिनेसोटा लिंक्स या संघांत आली. २०१७ पर्यंत संघानें चार अजिंक्यपदें मिळविलीं. २०१४ सालीं ती सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरली. २०१२ व २०१६ च्या ऑलिंपिकमध्यें तिनें सुवर्णपदकेंहि संपादिलीं. अशा भर बहरांत, २०१९ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं तिनें खेळ थांबविला.

कारण काय? जोनाथन आयर्न्स याजवर सोळाव्या वर्षीं गुन्हा केल्याचा आरोप येऊन त्यास ५० वर्षांची कैद झाली होती. तो निर्दोष आहे, अशी तिची खात्री होती. त्याच्या सुटकेसाठीं ती झटली. बोटांच्या ठशांचा अहवाल बचावपक्षास दिलाच नव्हता, असें ठरून २०२० सालीं न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली, व १ जुलैस तो सुटला. त्याच वर्षीं उभयतांचा विवाह झाला. २०२३ सालीं तिनें निवृत्ति जाहीर केली.

मैदान खुलें असतां आपण होऊन सोडावें, तो त्याग. आपल्या मुलींस मैदानच बंद केलें, तर त्यांनीं सोडलें तें काय? त्यांस आधीं मनसोक्त खेळूं द्यावें. सोडणें न सोडणें त्यांचें त्यांनीं ठरवावें.